मागच्या दाराचं कुलूप

कळंबजवळच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी पॅकिंगला होते. बायका मिश्री लावायला बाहेर पळतात म्हणून मागच्या दाराला कायम कुलूप, आणि किल्ली मालकांच्या घरी. गॅस गळाला तर पुढच्याच दारानं बाहेर पडायचं, असा नियम होता.

त्या दुपारी अमोनिया गळाला तो नेमका पुढच्या दाराशी. आम्ही खोकत मागं धावलो. आमच्यासोबत अडकलेला सुपरवायझर ओरडला, "वैनी, फोडा ते कुलूप! मी हाये ना!" मी पहार घालून कुलूप तोडलं. सगळे वाचलो. बाहेर आल्यावर त्यानं माझे पाय धरायचेच बाकी ठेवले होते.

चौकशीत मालकांनी विचारलं, कुलूप कुणाला विचारून फोडलं? मी सुपरवायझरचं नाव घेतलं.

"मी तर पुढं चला म्हनत व्हतो," तो म्हणाला. "वैनी लई घाईच्या."

सोबत अडकलेल्या माझ्याच गावच्या बायकांना विचारलं, तर कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

मला कामावरून काढलं. निघताना त्यांतली एक हळूच म्हणाली, "आमाला हितंच काम करायचंय गं."

"करा की," मी म्हटलं. "पुढच्या वेळी हाक कुणाला मारायची, तेवढं आत्ताच ठरवून ठेवा."