आईसाठी मांडलेलं टेबल

माझा धाकटा भाऊ जहाजावर वाढपी होता. आज हे कोणाला सांगितलं की लोक म्हणतात, अरे वा! तेव्हा पांढुर्ण्यात सांगितलं की पहिला प्रश्न यायचा, म्हणजे भांडी घासतो का? असा संताप यायचा ना मला. बरं, आम्हाला तरी कुठे धड ठाऊक होतं तो तिथे काय करतो ते! आधी नागपूरच्या एका हॉटेलात होता, मग मुंबईला गेला आणि तिथल्या कोण्या एजंटानं त्याला गोऱ्या प्रवाशांच्या जहाजावर लावून दिलं. एवढीच आमची माहिती.

पंच्याऐंशीच्या सुमारास तो दिवाळी आटोपल्यावर सुटीवर आला. मी सौंसरला दिलेली. निरोप मिळाला तशी बसनं माहेरी आले. रात्री जेवणं झाली आणि तो जहाजाच्या गोष्टी सांगायला बसला. प्रवाशांच्या तिकिटातच सगळं जेवण धरलेलं असतं म्हणाला. मोठा हॉल आहे, हवं ते घ्या, हवं तेवढं खा. पण वरच्या मजल्यावर आणखी एक लहानसं हॉटेल आहे, मोजकी टेबलं, अंधुक दिवे. तिथे जेवायचं असेल तर वेगळे पैसे द्यावे लागतात. माझा भाऊ त्या वरच्या हॉटेलात वाढायचा.

आमचे बाबा कापसाच्या जिनात कारकून. त्यांचा जीव कासावीस झाला. फुकटची पंगत सोडून बाजूच्या खानावळीत विकत जेवायला जाणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. खालचं जेवण खराब असेल, असं आईनं धरून टाकलं. तसं नाही, खालचंही चांगलंच असतं, भाऊ म्हणाला. मग बाबांनी निकालच लावला की हे लोक येडे आहेत.

"बाबा, ते जेवणाचे पैसे नाही देत," भाऊ म्हणाला. "आपल्यासाठी कोणीतरी उभं आहे, आपण खाल्लं का नाही ते पाहून राहिलं, त्याचे देतात."

आई तेव्हा भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. आमच्या घरात जे उभं राहायचं ते तीच. बाबांचं, आमचं, आल्यागेल्याचं झालं की ओट्याखाली बसून उरलंसुरलं खायची. तिला कोणी वाढलंय, हे मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. भावाच्याही मनात तेच आलं असावं. सकाळी उठल्या उठल्या त्यानं जाहीर केलं की आज दुपारी आई टेबलावर जेवणार, एकटी, सगळ्यांच्या आधी, आणि तो स्वतः रांधून तिला वाढणार, वरच्या हॉटेलात वाढतात अगदी तसं.

बाप्पा, काय गडबड उडाली! आई म्हणे हे काय भलतंच. बाबांनी तोंड वाकडं केलं, पण लेक वर्षानं आलेला, बोलले नाहीत. बाबांचं लिहायचं टेबल रिकामं करून अंगणाकडच्या खोलीत ठेवलं, खुर्ची शेजाऱ्यांकडून आणली. पांढरी चादर त्यानं इस्त्री करून टेबलावर घातली. मग स्वयंपाकघरात शिरला तो मला हात लावू देईना. टमाट्याचं सूप केलं. बेकरीतून पाव आणून त्याचे तुकडे लोण्यात परतले. बटाट्याच्या चकत्या दुधाच्या दाट रश्शात घालून, वरखाली निखारे ठेवून शिजवल्या. शेवटी संत्र्याच्या फोडींची एकूणएक साल आणि शीर काढून त्या थंड केलेल्या कस्टर्डात सोडल्या. संत्री आमच्याकडे पोत्यानं, पण असे लाड त्यांचे कोणी केले नव्हते. मला वाटलं, हा असाच राहिला तर ह्याची बायको सुखी होईल.

आई नवं लुगडं नेसून खुर्चीवर बसली. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. बाबा बाहेर पायरीवर उपाशी बसले होते आणि मधूनमधून खोकत होते. आईचा अर्धा जीव त्या खोकल्याकडे.

भावानं सूप ठेवलं आणि एक हात पाठीमागे घेऊन भिंतीशी उभा राहिला. आई दोन चमचे प्याली आणि म्हणाली, "पुरे."

आता आमच्या भागातल्या कोणत्याही माणसाला विचारा. पुरे म्हणजे पुरे नसतं. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, वाढणारा तो हात बाजूला सारून वाढतो, वर म्हणतो, असं कसं, माझी शपथ आहे. दोनतीनदा असं झाल्याशिवाय आमच्याकडे कोणी पोटभर जेवतच नाही. पहिल्याच झटक्यात घेतलं तर हावरट म्हणतात. आईला तर सगळं आयुष्य हेच माहीत. त्यातून नवरा बाहेर उपाशी.

माझ्या भावानं मान तुकवली आणि ताट उचललं.

पाव आला. एक तुकडा खाऊन ती म्हणाली, पुरे. ह्यानं उचललं. बटाटे आले, पुन्हा तेच. मी तोवर आत निखाऱ्यांशी गेले होते. भरलेल्या ताटल्या परत येताना पाहून मला वाटलं, बाबांसाठी ठेवून राहिली. कस्टर्डची वाटी परत आली तेव्हा त्यात जेमतेम एक फोड कमी होती.

भाऊ ओट्याला धरून उभा राहिला. चेहरा पार उतरलेला. "तिला नाही आवडलं," म्हणाला. मी म्हटलं, अरे, आईचं तसंच असते. तर उलट मलाच म्हणाला की ताई, माझं कामच हे आहे, ताटली पाहून मला समजते. वरच्या हॉटेलात ज्याचं ताट असं परत येतं त्याच्याकडून ते पैसेसुद्धा घेत नाहीत, हेही सांगितलं. आईनं तरी एक शब्द बोलावा. पण आपल्या लेकराला तोंडावर नावाजायचं नाही, दृष्ट लागते, ही तिची जुनी समजूत.

बाबांनी मात्र दणकून खाल्लं. भावानं मग मुंबईत एजंटाला भेटायचं आहे असं काहीतरी सांगून सामान बांधलं. अजून सुटी होती त्याची. पांढुर्ण्याच्या स्टेशनावरून संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला गेला.

तो गेल्यावर आई स्वयंपाकघरात आली आणि नेहमीच्या जागी बसली. बाबांनी खाऊन उरलेलं सगळं तिनं पुढ्यात ओढलं. गार सूप पोळीनं पुसून खाल्लं. बटाट्याचं पातेलं खरवडलं. कस्टर्डची वाटी बोटानं निपटली.

"किती छान केलं होतं ग," ती म्हणाली. "पण त्यानं आग्रहच नाही केला मला. थकून गेला असन."

मी त्याला कळवायचं म्हटलं तर नको म्हणाली. पुढच्या वेळी आला की ती स्वतः सांगणार होती, आणि तेव्हा बाबांनाही टेबलावर सोबत बसवायचं म्हणजे जिवाला स्वस्थ वाटेल, हेही तिनं ठरवून टाकलं होतं.

होळीच्या आधी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. तार केली, पण जहाज कुठल्या समुद्रात होतं देव जाणे. भाऊ आला तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. आला तो रडला नाही. बाबांजवळ बसला, लोकांशी बोलला. मग मी एकटी सापडल्यावर त्यानं विचारलं, त्या दिवशी नेमकं काय बिघडलं होतं, मीठ की दूध? इतके महिने तो समुद्रावर हाच विचार करत बसला होता.

मी त्याला सगळं सांगितलं. आवडलं होतं, फार आवडलं होतं, ती फक्त तुझ्या आग्रहाची वाट पाहत होती.

"मी तं पंगतीत वाढून मोठा झालो, ताई," तो म्हणाला. "हे मी कसं विसरलो?"

मी घाईघाईनं म्हटलं, अरे, पण संध्याकाळी तिनं सगळं खाल्लं. पातेलं खरवडून, बोटं चाटून, पोटभर.

"खाली बसून?"

मी हो म्हटलं.

"उष्टं?"

मी मान डोलावली. तेव्हा तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.