खटपट्याची चिमटी

तंत्रशाळेनं खटपट्याला भाषणाला बोलावलं, तेव्हा त्याची बायको धास्तावली. विषय होता नवी कल्पना सुचणं आणि ती जपणं. म्हणजे चिमटीची गोष्ट निघणार, आणि ती निघाली की हिचं नाव चव्हाट्यावर येणार.

कारखान्यातला हा फिटर घरी आला की मागच्या खोलीत पत्रे कापत बसायचा. केलेल्या बहुतेक वस्तू थेट भंगारात जायच्या. तरी काय दिवस होते ते. ती शिवणयंत्रावर, तो कानस घेऊन, आणि दोघांच्या मध्ये कधीच गार झालेला चहा. तिन्हीसांजेला तिला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून त्यानं पत्र्याची चिमटी बनवली. यंत्राला अडकवून दाबली की दोरा पार. तिचा आनंद गगनात मावेना. पेटंटचा अर्ज जायच्या आतच तिनं आळीतल्या बायकांना हाका मारून घरात प्रदर्शन मांडलं. शिवणयंत्रांचा दुकानदारही हौसेनं पाहून गेला. पुढे चिमटी त्याच्या छापानं बाजारात आली. पेटंट कचेरीनं हात वर केले. अर्जाआधीच सगळ्यांना दाखवलेली वस्तू नवी कशी मानायची, म्हणाले. खटपट्या तिला एका शब्दानं बोलला नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

भाषण मात्र झकास रंगलं. त्याच्या फसलेल्या वस्तू ऐकून पोरं पोट धरून हसली. बिघडलेलं काही दिसलं की हात शिवशिवले पाहिजेत, पण अर्ज होईपर्यंत तोंडाला कुलूप, असं त्यानं बजावलं. मग एका मुलीनं विचारलंच, की तुमची चिमटी बाहेर फुटली कशी?

पहिल्या रांगेत बायकोनं मान खाली घातली.

"कौतुकापायी फुटली," तो म्हणाला. "आणि चूक माझी. एवढ्यात कुणाला दाखवायचं नाही, हे मी घरात सांगितलंच नव्हतं. चिमटी गेली त्याचं मला फार नाही. पण तेव्हापासून ही माझ्या खोलीत फिरकली नाही. नवीन काय करताय, म्हणून विचारलं नाही. जपायचं होतं ते तेवढंच."

टाळ्या बराच वेळ चालल्या. तिला त्या नीट ऐकूही आल्या नाहीत.

घरी आल्यावर तो सवयीनं मागच्या खोलीत गेला. ती चपला न काढताच त्याच्या मागोमाग शिरली आणि टेबलावरचं एक वेडंवाकडं तारेचं गुंतवळ उचलून म्हणाली, "अहो, हे काय करताय?"

"सांगतो," तो म्हणाला. "आधी दार लाव."