पुढे लागेल म्हणून

जयपूरच्या गोपालपुऱ्यातल्या ऑफिसात मी कोचिंग क्लासच्या प्रवेश अर्जांचा वर्कफ्लो बनवला होता. अर्ज आपोआप एका पायरीवरून पुढच्या पायरीवर नेणारा हा प्रोग्राम; यात कोड फारसा लिहावा लागत नाही. स्क्रीनवर चौकोन ओढायचे, बाणांनी जोडायचे. तरी तो रोज दुपारी मेमरी भरून अर्ध्यातच बंद पडायचा. मी तो पुन्हा सुरू करायचो आणि चहाला जायचो, पण कप अर्धा टाकून परत यायचो. सर्व्हरच कमी पडतोय, असं मी सगळ्यांना चिडून सांगत सुटलो होतो.

शेवटी शेजारच्या टेबलावरची सहकारी खुर्ची ओढून बसली. "प्रत्येक पायरीवर अख्खा अर्ज कशाला फिरवतोस, फोटो आणि मार्कशीटसकट? नुसता अर्जाचा नंबर पुढे पाठव. जिथे लागेल तिथेच अर्ज उघड."

"पण पुढे लागला तर?"

ती नुसती हसली. मला राग आला, पण मी बदल केला. त्या दुपारी वर्कफ्लो एकदाही थांबला नाही.

संध्याकाळी खोलीवर आलो. दारामागे सांगलीहून आणलेली तीन खोकी होती. जयपुरात तीनदा खोली बदलली, तिन्ही वेळा ती मीच जिन्यावरून चढवली होती. आत काय आहे, हे मला आठवेना.