शेपटीवरचा शेंदूर

श्रीवायुपुत्राच्या चरणी मस्तक ठेवून आणि कुलस्वामीचे स्मरण करून लिहावयास आरंभ करतो. आज मधुकरचे सांवत्सरिक श्राद्ध. माझ्या थोरल्या भावाचा हा एकुलता एक मुलगा. भाऊ आधीच गेलेले, म्हणून पिंड मीच दिले. धाकट्याने थोरल्यांना द्यावयाचे, ते आमच्या घरी उलटे झाले आहे. जेवणे उरकली, वहिनी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या आहेत — आणि जे मी आजवर कोणाजवळ उच्चारले नाही, ते तुमच्याजवळ उच्चारणार आहे.

देवाजवळही नाही. संध्येत मी रोज पापक्षालनाचे मंत्र म्हणतो. हातांनी केलेले पाप, वाणीने केलेले पाप — ते शब्द त्यात येतात. त्या शब्दांपाशी माझा आवाज एकदाही अडखळलेला नाही. असा कसा मी?

लोक म्हणतात, मधुकरला त्याच्या छंदाने नेले. वहिनी म्हणतात, दैवाने. निरवांगीचे लोक ज्ञानू सुताराचे नाव घेतात. माझे नाव कोणी घेत नाही. जळोचीत मारुतीची पूजा ज्यांच्या घराण्याकडे आहे, त्या शास्त्रीबुवांचे नाव अशा गोष्टीत कोण घेईल?

सन तीस उलटून काही वर्षे झाली होती. मधुकर पुण्यास यंत्रविद्या शिकून परतला, तो नोकरी घेऊन नव्हे, तर दोन बैलगाड्यांवर एक मोडके विमान लादून. त्यास इंजिन नव्हते. ग्लायडर म्हणत त्याला. उतारावरून रबरी दोर ताणून सोडले की ते वाऱ्यावर तरंगावे, अशी त्याची रचना. मुंबईच्या कोणा हौशी माणसाने ते मोडीत काढले होते. मधुकरने आमच्या गोठ्यापुढे मांडव घातला, निरवांगीहून ज्ञानूला बोलावले, आणि दोघांनी मिळून त्याचा लाकडी सांगाडा नव्याने उभा केला. सांगाड्यावर मांजरपाटासारखे कापड ताणून बसवले. राहिला तो केवळ रंग.

एवढ्याच एका गोष्टीत त्याने माझे मत विचारले. 'काका, तुमच्या हाताने होऊ दे,' म्हणाला. केवढा मान दिला होता त्याने मला!

त्याने एक पातळ रोगण आणले होते. पिकल्या केळ्यांसारखा त्याचा वास येई. ते कापडाला लावले की कापड मृदंगाच्या पुडीसारखे ताणले जाई. पण रंग येत नसे. कापड पांढरेच राही. कन्हेरीचे एक माळी तात्या वांग्यांची गाडी बाजारी नेताना रोज मांडवापाशी थांबत. त्यांनी एकदा चौघांना ते उचलताना पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "शास्त्रीबुवा, ही तिरडी कुणाची वो? खांदंकरी बी तयार हायेत की!"

मधुकर हसला. "तात्या, मग तुम्हीच बसा पहिल्यांदा."

"आमी न्हाय बाबा! आमचं वाफं कोण भिजवंल?"

सगळे हसले. मला हसू आले नाही. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली ती वस्तू माझ्याने पाहवेना. मी म्हणालो, निदान शेपटी तरी शेंदरी असू दे. मारुती वायूचा पुत्र; त्याचा वर्ण त्यावर असावा. मधुकरने मला नीट समजावून सांगितले — हे 'नीट' मी मुद्दाम लिहितो आहे. बसणारा पुढे, जवळ. शेपटी मागे, लांब. तराजूची एक दांडी आखूड आणि एक लांब असावी तसे. शेपटीवर चढलेले थोडेसे वजनही पुढच्या पुष्कळ वजनाला भारी होते; मग नाक वर जाते, वेग मरतो, आणि यंत्र पडते. रंगाला वजन असते, काका.

मी न्यायशास्त्र शिकलेला. मी म्हणालो, रूप, म्हणजे रंग, हा गुण आहे आणि गुरुत्व, म्हणजे भार, हाही गुणच आहे. गुणाच्या ठायी गुण राहत नाही. तेव्हा रंगास भार असेल कसा? तो हात जोडून म्हणाला, "शास्त्रातल्या रंगाला नसेल काका. डब्यातल्या रंगाला आहे."

मांडवात हशा पिकला. तात्या तर गाडीचे चाक धरून हसले. ज्ञानूनेही मान खाली घालून हसू दाबले. मी सुद्धा हसलो — हसल्यासारखे केले. आयुष्यभर ज्या विद्येवर मी जगलो, तिच्यावर वांग्यांची गाडी हाकणारे हसत होते.

अखेर त्याने तोड काढली. त्याच्याच रोगणात चिमूटभर तांबडा रंग कालवून शेपटीला एक हात द्यावयाचा. एकच. मी मान्य केले. त्याने ग्लायडरचा तोल तपासला, खुणा केल्या आणि रबरी दोर आणावयास तो पुण्यास गेला. ज्ञानूही आपल्या गावी गेला.

मी एक हात दिला. वाळल्यावर पाहिले, तर उन्हाने विटलेल्या लुगड्यासारखा फिका गुलाबी. हा का मारुतीचा वर्ण? मी देवळात गेलो, शेंदराचे मडके आणले, जवसाच्या तेलात शेंदूर खलला, आणि मूर्तीला चढवतो तसा त्या शेपटीला चढवला. एकावर एक. वाळू द्यावा, पुन्हा चढवावा. शेवटी वरून त्याच्या रोगणाचा हात दिला, म्हणजे चकाकी तीच दिसावी.

शेंदराला किती वजन असते, ते मला ठाऊक नव्हते काय? ते मडके उचलताना माझे मनगट दरवेळी लचके. मूर्तीवरचे शेंदराचे जुने कवच निखळले, तेव्हा ते पाटीत भरून वाहून नेण्यास दोन माणसे लागली होती. भोळ्या भक्तीने घडले, असे कोणी म्हणेल. म्हणून सांगतो — हात देताना मी स्तोत्र म्हणत होतो, हे खरे. आणि मधुकरचे ते वाक्य माझ्या कानांत घुमत होते, हेही तितकेच खरे. मला देवाचा वर्ण हवा होता, की त्याला खोटे पाडावयाचे होते? त्या दिवशी ते मी स्वतःला विचारले नाही.

तो परतला. शेपटी पाहून त्याचा चेहरा उजळला. "काका, काय सुरेख दिसतंय! एकच हात ना?"

"एकच," मी म्हणालो.

"मग तोल पुन्हा पाहायला नको. तुम्ही म्हणताय ना."



निरवांगीच्या वाटेवर मुरमाड उताराचा एक माळ आहे. इंदापुराकडून, बारामतीकडून माणसे आली होती. वहिनी दह्याची वाटी घेऊन आल्या होत्या. मी नारळ फोडला. पोरांनी दोर ओढला, आणि ते उठले. खरोखर उठले. लोकांनी मारुतीचा जयजयकार केला. मी मात्र नाकाकडे पाहत होतो. नाक वर गेले. आणखी वर. नाक खाली आणण्यासाठी मधुकर हातातला दांडा पुढे रेटताना दिसत होता. क्षणभर यंत्र आकाशात थांबले, मग एक पंख खाली गेला आणि ते माळावर आदळले.

धावत आधी ज्ञानू पोचला. त्यानेच त्याला लाकडांतून काढले. पण मोडलेल्या पंखाचा सरसाने चिकटवलेला सांधा पाहून कोणीतरी ओरडले, "सरस कच्चा व्हता! सुतारानं घात क्येला!" मग सगळेच ओरडू लागले. त्या गर्दीत ज्ञानू माझ्यापुढे उभा राहिला. "शास्त्रीबुवा, माझं काम तुमी रोज बघितलंय. सांगा की ह्यास्नी."

मी म्हणालो, "देवाची इच्छा."

त्या शब्दांचा अर्थ लोकांनी काय घ्यावयाचा तो घेतला. ज्ञानूला पुढे गाडीचे जूदेखील कोणी करावयास दिले नाही. तो बायकोपोरांसह गाव सोडून गेला; कोठे, ते मी विचारले नाही. आणि शेपटी — ती मी त्याच दिवशी नीरेच्या डोहात विसर्जित करविली. शेंदराचे बोट टेकवलेली वस्तू आहे, पायदळी येऊ नये, असे सांगितले. चौघे ती उचलताना वाकले. लोकांनी हात जोडले.

अजून संपलेले नाही. हे सर्व मी जवळजवळ सहज लिहू शकलो. कारण ज्यासाठी लिहावयास बसलो, ते पुढेच आहे.

मधुकर तत्काळ गेला नाही. बैलगाडीत कडब्यावर त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. वहिनी मागच्या गाडीत होत्या. तो शुद्धीवर होता. वेदनेने कण्हत नव्हता — विचार करीत होता. पुनःपुन्हा तेच विचारीत होता. "काका, चुकलं कुठं? तोल तर मी पाहिला होता. माझं गणितच चुकलं का?"

त्याला केवळ एक वाक्य हवे होते. तुझे गणित बरोबर होते, बाळा. हे म्हणावयास किती श्वास लागतो? गाडीवान पुढे बैलांना हाकीत होता. मी हळू बोललो असतो, तर दुसऱ्या कोणी ऐकलेही नसते. मी त्याच्या कानाशी वाकलो — आणि रामनाम म्हणू लागलो. मोठ्याने. तो काही विचारू लागला, की अधिक मोठ्याने. त्याचे ओठ हलत होते आणि मी त्यांवर नाम घालीत होतो, घालीत होतो, जळोचीची वेस येईपर्यंत. मग ओठ हलावयाचे थांबले.

वहिनी आजही येणाऱ्या-जाणाऱ्यांस सांगतात, "भावोजींनी शेवटपर्यंत त्याच्या कानांत नाम घातलं हो." आज श्राद्धाच्या पानावरही त्यांनी तेच सांगितले. ब्राह्मणांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

आपली चूक झाली असे समजून तो गेला. चूक त्याची नव्हती. ज्ञानूचीही नव्हती.

तुमचे आणि तुमच्या घरच्यांचे कल्याण असो. तुमची मुले दीर्घायुषी होवोत. त्यांनी काही विचारले असता त्यांना उत्तर देणारे वडीलधारे त्यांस लाभोत. शुभं भवतु.