अर्धी भुवई

शेवटच्या वर्षाला प्रकल्प म्हणून चित्रांचं पुस्तक करायचं होतं, त्यासाठी मी सरांपुढं आमच्या बीडकडच्या चार विषयांची चित्रं मांडली. कपिलधारचा धबधबा, धर्मापुरीच्या देवळातल्या मूर्ती, हायवेवरचे ढाबे आणि चौसाळ्यातलं माझ्या आत्याचं ब्यूटी पार्लर. सर आम्हाला इलस्ट्रेशन शिकवायचे. म्हणाले, "ही खिचडी झाली. एक काय ते ठरव. आणि तुझ्या बायकांचे हात कुठायत? सगळ्यांचे पदराखाली लपवलेस."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण खोलीवर येऊन चित्रं परत बघितली, तर खरंच एकीलाही धड हात नव्हता. म्हटलं, बरोबर हाय बाबा तुझं. तीन विषय गुंडाळून ठेवले, पार्लर घेतलं. तिथं हातांना काय तोटा! आत्या दोऱ्याचं टोक दातात धरून बोटांनी भुवई कोरते, आणि गिऱ्हाईक पापणी ताणून धरत तिच्या नावानं बोंबलत असतं. दिवाळीच्या सुटीत मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नुसते हात काढले. आत्या मान वाकडी करून बघायची. "ही बोटं हायत का भेंड्या?" म्हणाली की मी परत काढायची.

हात जमले. सरांनीही कबूल केलं. आणि वर म्हणाले, "पण यात बीड कुठे दिसतंय? भेगाळलेली जमीन, डोक्यावर हंडा, चेहऱ्यावर काळजी, असं काहीतरी आण. पार्लर काय, कुठंही असतं." विषय मंजूर झाला नाही तर वर्ष जाणार होतं, आणि घरून पुन्हा वर्षाची फी भरायला कुणी तयार नव्हतं.

मला लई राग आला. रेषेबद्दल सर बोलतील ते शिरसावंद्य. पण आमच्या तोंडावर काळजी कधी असती न् कधी नसती, हे मला कुणी शिकवायचं न्हाई.

उन्हाळ्यात पुन्हा पार्लरात जाऊन बसले. शेजारची एक वहिनी भाच्याच्या लग्नाला निघायची म्हणून भुवया करायला आलती. एक झाली, दुसरीला दोरा लागला, तेवढ्यात टँकरचा हॉर्न. वहिनी ताडकन उठली, घरातून घागर उचलली न् पळाली. मागं आत्या, दोरा दातात तसाच. रांगेतल्या बायका वहिनीचं तोंड बघून खो खो हसायला लागल्या. एक भुवई कोरलेली, दुसरं नुसतं झुडूप.

"हसता कावून? टँकर काय माझ्या भुवईसाठी थांबतोय व्हय!" असं म्हणून वहिनीच सगळ्यांत जास्त हसली.

मला माझं पुस्तक सापडलं. ती एकच दुपार. पहिल्या पानावर दोरा, शेवटच्या पानावर रांग. सरांना टँकर दिसला, त्यांनी विषय मंजूर केला.

परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "ड्रॉइंग सुंदर आहे. पण पाण्याच्या रांगेत ही हसते कशी? हे हसू पुसलंस तर चित्राला वजन येईल." सर मागून मला हो म्हण, हो म्हण अशा खुणा करत होते.

"मॅडम, हात वाकडा असंल तर आत्ता खोडते. हसू न्हाई खोडणार. ती हसली होती."

"मार्क जातील."

"जाऊ द्या."

गेले. काठावर पास झाले.

पुस्तक घेऊन चौसाळ्याला गेले. वहिनीनं पार्लरच्या खुर्चीत बसून एकेक पान बघितलं, हसली, शेवटच्या पानावर मात्र थांबली. मग पुस्तक मिटून माझ्याकडं रोखून बघितलं.

"आन् मी लग्नाला गेलेली कुटं हाय? लोकायला वाटंल मी तशीच अर्ध्या भुवईची राहिले. असं सोडतीस व्हय मला?"

मी तिथंच स्टूल ओढलं आणि पुढचं पान काढायला घेतलं. वहिनी मांडवात मधोमध बसलीय, दोन्ही भुवया कोरलेल्या.