वाढवलेली रेस

अहो गडबडे, गुडघा दुखतो तुमचा आणि ओरडायला लावता गाडीला, ही कुठली रीत? आता गप्प बसून ऐका, तुमचीच गोष्ट आहे.

गडबडे घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करत आणि लॅबला पोचवत. गाडी छोटी, जुनी, किक मारून सुरू होणारी. उजवा गुडघा असा आखडला होता की एक किक मारली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत. लॅबला कळलं असतं तर काम दुसऱ्याला गेलं असतं. बायकोला कळलं असतं तर तिनेच ते सोडायला लावलं असतं. घरी बसायची तर नुसती कल्पनाही गडबड्यांना नको वाटे. म्हणून त्यांनी कार्बोरेटरचा स्क्रू पिळून गाडीची रेस वाढवून ठेवली. आता ती सिग्नलला बंद पडत नसे, आणि नमुना घ्यायला वर जाताना तिला खाली खुशाल भणभणत सोडता येई.

मेव्हण्याचं गॅरेज वाटेवरच होतं. त्याला तो आवाज सोसवेना. इंजिन तापलेलंच असे. तो स्क्रू मागे फिरवून रेस जागेवर आणायचा आणि वर विचारायचा, की भाऊजी, गाडी चालवता की पिठाची गिरणी? गडबडे हसून घ्यायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा पिळायचे. स्क्रूच सैल झालाय असं समजून त्या बापड्याने त्याची स्प्रिंगसुद्धा बदलली.

एकदा घाईत पिळायचं राहिलं. गॅरेजच्या दारातून दिसणाऱ्या चौकातच गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता गिल्ला. गडबडे खाली उतरले, वाकले आणि दोन्ही हातांनी किक दाबू लागले. मेव्हणा धावत आला, गाडी कडेला घेतली, आणि मग त्याला सगळं उमगलं.

“ताईला माहीत आहे?”

“नाही. तू सांगशील म्हणून तुलाही बोललो नाही.”

“सांगणारच.”

“सांग. मग दिवसभर घरात बसून मी काय करू, तेही तिलाच विचार.”

मेव्हण्याने गाडी सुरू केली, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि रेस स्वतःच वाढवून दिली. रविवारी दोघांनी हाडांच्या डॉक्टरकडे जायचं, ताईला टायर आणायला चाललोय म्हणून सांगायचं, असं तिथेच ठरलं.

रविवारी मेव्हणा दारात येऊन उभा राहिला, तर गडबड्यांनी जादा काम मागून घेतलेलं. पुढच्या रविवारी मेव्हण्यानेच कुणाचं तरी इंजिन उघडून ठेवलं होतं. मग त्याने विषय काढला नाही, गडबड्यांनी तर नाहीच नाही. डॉक्टरकडे जायचं राहिलं ते राहिलंच.