डार्करूममध्ये कोण चालत होतं

मी असल्या गोष्टी जेवताना टाइमपास म्हणून वाचते आणि वाचून झाल्यावर हसते. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी... आमच्या घरात हे कुणी मानत नाही. आजोबा रेल्वेत क्लार्क होते, बाबा तिथूनच रिटायर झाले, आणि मी तर फिजिक्सची. तेव्हा कृपा करून खाली कॉमेंटमध्ये "भास झाला असेल" असं लिहू नका. भास हा पर्याय मी सगळ्यात आधी स्वतःच तपासला होता, आणि तो खरा निघावा अशी माझी फार इच्छा होती.

मी इंदूरची, घर स्नेहलतागंजला. एमएस्सीला ज्या विभागात ॲडमिशन मिळाली त्याचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथेच आहे. बीएस्सी केलं त्या कॉलेजच्या लॅबमध्ये चार भिंगं आणि एक गंजलेलं चुंबक होतं. त्यामुळे इथे आल्यावर मला वाटलं, चला, आता खरं फिजिक्स सुरू! कसलं काय. पहिले काही आठवडे आयडी कार्ड, लॅबची किल्ली कुणाकडे आहे ती शोधणं, आणि "मॅडम कल आना" ऐकणं यातच गेले.

बाबांचं मत पक्कं होतं. "अगं, बी.एड. करून टाक. शाळेत लगेच लागून जाशील. त्या अंधाऱ्या खोलीत बसून काय मिळणार आहे?" एक सेमिस्टर द्या, एवढंच मी मागून घेतलं होतं. सबनीस सरांच्या लॅबमध्ये जागा मिळाली तर पुढे शिकणार, नाहीतर बी.एड. सरांकडे प्रयोगाचं काम मिळायचं, आणि ते दर वर्षी एक-दोघांनाच घेत. त्यांची अट एकच. पहिल्या सेमिस्टरचा इंटरफेरोमीटरचा प्रयोग स्वतःच्या हाताने करायचा, आणि व्हायव्हात त्याच्या मोजणीचे किमान तीन सेट दाखवायचे. आडनावावरून मी एकदा त्यांच्याशी मराठीत बोलायला गेले होते. उत्तर इंग्लिशमध्ये आलं, तेही अर्धं.

प्रयोग काय, ते थोडक्यात सांगते. दोन आरसे, मध्ये एक तिरकी काच, बाजूला सोडियमचा पिवळा दिवा. सगळं अगदी नीट जुळलं की आत पिवळी-काळी वर्तुळं दिसतात, एकात एक. स्क्रू हळूहळू फिरवला की ती मधोमध बुडत जातात. ती मोजायची आणि त्यावरून प्रकाशाची तरंगलांबी काढायची, बस. पण हे यंत्र इतकं नाजूक की खोलीत कुणी चाललं तरी वर्तुळं थरथरतात आणि आकडा हातचा जातो.

म्हणून डार्करूमची एक रीत होती. मोजणी चालू असताना कुणी आत आलं की मोजणाऱ्याने मान न वळवता ओरडायचं, "काउंट चालू है!" आत येणाऱ्याने असेल तिथे थांबायचं. अगदी एचओडी असले तरी. मग मोजून झालं की आतून "हो गया" ऐकू येतं, आणि तोवर कुणी पाऊल उचलायचं नाही. सिनियर्सनी हे आम्हाला सगळ्यात आधी शिकवलं होतं. लॅबमध्ये चप्पल कुठे काढायची तेसुद्धा नंतर.

माझा पार्टनर अंकित, गौतमपुऱ्याचा. मुलगा चांगला, पण प्रॅक्टिकलचा भयंकर कंटाळा. वर्तुळं जुळवण्यात आमची पहिली दुपार गेली, दुसरीही गेली. तिसऱ्या वेळी ती दिसली तेव्हा मी आनंदाने ओरडलेच. अंकित म्हणाला, "हो गया ना? अब तू गिन, अपन चाय पी के आते हैं." आणि गेला.

मी मोजायला लागले. वीसेक झाली असतील, आणि वर्तुळं थरथरली. थांबली. पुन्हा थरथरली, थांबली. एक पाऊल, दुसरं पाऊल. मी न वळता ओरडले, "काउंट चालू है!" थरथर थांबली. मी पुढे मोजायला गेले तर आकडा विसरले होते. वैतागून मागे वळले — "अंकित, यार..."

कुणी नव्हतं. दाराचा काळा पडदा सरळ लोंबत होता.

मला वाटलं, कुणी डोकावून गेलं असेल. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. मी ओरडले की थांबायचं, पण तोवर आकडा गेलेला असायचा; मग सवयीने 'हो गया' म्हणून पुन्हा पहिल्यापासून. त्या दुपारी मी एकही सेट पूर्ण करू शकले नाही. घरी जाऊन आईवर विनाकारण ओरडले.

पुढच्या वेळी मी दाराला आतून कडी लावली. तरी पावलं आली.

आता भीती वाटायला हवी होती ना? खरं सांगते, मला राग आला. एवढ्या मुश्किलीने वर्तुळं जुळवायची, आणि कुणीतरी येऊन ती हलवायची! मी एकेक कारण तपासायला घेतलं. खाली पाण्याची मोटर चालू करायला लावली तर वर्तुळं सलग पुसट झाली. रस्त्यावरून बस गेली की ती हळू डुलायची. अंकितला बाहेर कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं तर जेमतेम हलली. मग त्याला आत बोलावून दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं. डोळा लावून बघत होते, आणि अंगावर सर्रकन काटा आला. अगदी तसंच होतं. प्रत्येक पावलाला एक थरथर, आणि जवळ येईल तशी मोठी.

"कोई चल रहा है रूम में," मी म्हटलं.

"हओ, मैं चल रहा हूं," अंकित म्हणाला. "तूने ही तो बोला."

त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, पण हसला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्याने डार्करूममध्ये पायच ठेवला नाही. स्वतःचे तीन सेट त्याने एका सिनियरला विचारून घरी बसून "बनवले". मला म्हणाला, "तू भी बना ले. एक में थोड़ा जोड़, एक में थोड़ा घटा. किसको पता चलता है?"

मी नाही म्हटलं. तत्त्व वगैरे काही नाही हो... मला त्या खोलीत हरायचं नव्हतं, इतकंच.

व्हायव्हाच्या आदल्या दुपारी मी एकटीच गेले. एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की ते दर वेळी थोडं आणखी पुढे येऊन थांबतं. आधी दाराशी, मग कपाटाजवळ, आणि आता टेबलाच्या अगदी अलीकडे. मी मोजायला लागले आणि सुरू झालं... पाऊल, पाऊल. माझा बांध फुटला. मान न वळवता मी मराठीतच ओरडले, "अहो, कोण आहात तुम्ही? माझं सेमिस्टर गेलं तुमच्यापायी! बघायचंय ना? मग या इथे, बघा! पण हलू नका!"

वर्तुळं इतकी जोरात हलली की नुसता पिवळा धूर दिसला. मग शांत झाली. इतकी शांत मी ती कधीच बघितली नव्हती, जणू कागदावर छापली आहेत. खालून बस गेल्याचा आवाज आला तरी ढिम्म नाही. माझ्या उजव्या खांद्याशी काहीही नव्हतं. श्वास नाही, गारवा नाही, वास नाही. पण मी तिकडे बघितलं नाही. मी अख्खा सेट मोजला, अगदी शेवटपर्यंत.

दुसरा सेट घ्यायची छातीच झाली नाही. परत जाणारी पावलं दिसतील म्हणून मी बराच वेळ डोळा लावून बसले, पण वर्तुळं हललीच नाहीत. शेवटी दिवा तसाच चालू ठेवून, भिंतीला घासत मी बाहेर पळाले.

दुसऱ्या दिवशी व्हायव्हा. अंकित आत गेला आणि लाल चेहऱ्याने बाहेर आला. सरांनी त्याचे आकडे नुसते बघितले आणि परत केले होते. मग मी गेले.

"Only one set?" सर म्हणाले.

मी "टाइम नाही मिळाला" म्हणू शकले असते. तेच म्हणणार होते. पण इतक्या दिवसांचा राग साचला होता, आणि एका सेटवर तसंही जागा मिळणार नव्हतीच. बी.एड. तर बी.एड.! मी सगळं सांगून टाकलं. मोटर, बस, अंकितची पावलं, कडी, सगळं. हिंदीत सुरू केलं आणि कधी मराठीत आले ते मलाच कळलं नाही.

 सर चष्मा काढून, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलले.

"ओरडल्यावर रुकतं ना?"

"थांबतं," मी म्हटलं.

"आमच्या टाइमला रुकत नव्हतं. ते 'काउंट चालू है' आमच्या बॅचने सुरू केलं. माणसांसाठी नाही केलं." त्यांनी माझा एकुलता सेट पुन्हा बघितला. "काल मोजून झाल्यावर 'हो गया' म्हणालीस?"

मला आठवेना. मग आठवलं. नव्हते म्हणाले. एका सेटनंतर नुसती पळाले होते.

सर उठले. बाहेर पोरं व्हायव्हासाठी ताटकळत होती, त्यांना "वेट करो" म्हणाले आणि तडक डार्करूमकडे निघाले. मी मागे. रात्री कुणीतरी दिवा बंद केला होता, तो त्यांनी लावला आणि तो तापेपर्यंत आम्ही दोघं दाराशीच उभे राहिलो. मग त्यांनी पुढे जाऊन स्क्रूला जरासा हात लावला आणि मला बोलावलं.

"बघ. डोळा नको काढूस."

वर्तुळं होती, अगदी स्थिर. सर माझ्या डावीकडे उभे होते. ते हळूच म्हणाले, "हो गया."

माझ्या उजव्या बाजूने पहिली थरथर आली, मोठी. मग दुसरी, जरा लहान. मग आणखी लहान. कपाटापर्यंत... दारापर्यंत... आणि संपली. सर जागचे हलले नव्हते. आवाज कसलाही नव्हता. मला एकदम रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. कालची अख्खी रात्र कुणीतरी माझ्या शब्दाची वाट बघत अंधारात उभं होतं, आणि मी घरी वरण-भात जेवत होते.

"आता दोन सेट घे," सर म्हणाले. "मी थांबतो."

मी घेतले. दोन्ही वेळा, सगळं संपल्यावर, मोठ्याने "हो गया" म्हटलं. उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या बरंच जवळ आलं. जागा मिळाली. बाबांनी पेढे आणले, बी.एड.चं नाव पुन्हा घरात निघालं नाही. मला हवं होतं ते सगळं झालं, मग मी अजून इतकी का वैतागलेली आहे?

कारण त्या दिवशी दार लावताना मी सरांना विचारलं होतं, "सर, कोण आहे ते?"

"मी पण हेच विचारलं होतं," ते म्हणाले. "फर्स्ट सेमला."

"मग?"

"मग काय..." त्यांनी कडी नीट बसली का ते बघितलं. "इथेच राहून गेलो."

त्यानंतर मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यांनी इंग्लिशमध्ये माझी रीडिंग्ज विचारली. इतका हुशार माणूस, प्रत्येक गोष्टीचं कारण मागणारा, आणि इथे गप्प! कॉरिडॉरमधल्या पाट्या, जुने ग्रुप फोटो, रिटायर झालेली दोन माणसं — सगळीकडे विचारून झालं. कुणाला काही माहीत नाही. कुणी तिथे मेलं नाही, कुणी जळालं नाही, बिल्डिंगच्या आधी तिथे नुसतं मोकळं रान होतं म्हणतात. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर खरंच सांगा, पण भास म्हणू नका.

आता माझं शेवटचं सेमिस्टर आहे. पीएच.डी.साठी बाहेर जायचं, हे बारावीपासून ठरलेलं होतं. परवा जेवताना बाबांनी विचारलं, "काय गं, अप्लाय केलंस का कुठे?"

मी म्हटलं, "बघू."